रुग्णशय्येजवळची शाळा

वैद्यकविद्येच्या इतिहासांत शोधांच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु ती विद्या शिकवावी कशी, या प्रश्नाचा इतिहासहि तितकाच उद्‌बोधक आहे. श्रोतेहो, त्यांतील एक प्रकरण आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील बहुतेक वैद्यकीय शाळांचे विद्यार्थी व्याख्यानें ऐकूनच पदवीधर होत. रोग्याची नाडी हातीं धरण्याचा प्रसंग विरळा. बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालय १८९३ सालीं उघडलें आणि डॉ. विल्यम ऑस्लर यांनीं तेथील विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहांतून रुग्णशय्येजवळ नेलें. पुढें १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर यांनीं अमेरिका व कॅनडा येथील १५५ शाळांचा परखड अहवाल प्रसिद्ध केला. कित्येक निकृष्ट शाळा बंद पडल्या. प्रयोगशाळेला मानाचें स्थान मिळालें. हा लाभ मोठा खरा. परंतु सूक्ष्मदर्शकांत पाहतां पाहतां रोगी मात्र दृष्टीआड होऊं लागला.

हें वैगुण्य बोलून दाखविलें तें प्रयोगशाळेच्याच एका उपासकानें. डॉ. फ्रान्सिस पीबॉडी हे बोस्टन येथील थॉर्नडाइक संशोधनशाळेचे प्रमुख. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुढें त्यांनीं एक व्याख्यान दिलें. रुग्णालयांत आलेल्या मनुष्याचें घर, व्यवसाय, चिंता हीं सारीं दाराबाहेर राहतात आणि खाटेवर उरतो तो केवळ एक रोग, ही त्यांची व्यथा होती. सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या म्हणून ‘तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं’ असें सांगून रोग्याची बोळवण करणें हा उपचार नव्हे. त्याची पीडा खरीच असते. रोग्याविषयींची आस्था हा उपचाराचाच भाग होय, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढें वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं कर्करोगानें त्यांचें निधन झालें.

आपल्याकडे चरकसंहितेंत विद्यारंभींच शिष्याला अग्नीच्या साक्षीनें बजावलें आहे कीं, प्राणावर बेतलें तरी रोग्याचा द्रोह करूं नये, त्याच्या घरांतील गोष्ट बाहेर नेऊं नये. भारतांतील एम. बी. बी. एस. अभ्यासक्रमांतहि २०१९ पासून वृत्ति, नीति व संवाद यांचें शिक्षण रीतसर अंतर्भूत झालें आहे. हें स्वागतार्हच आहे. परंतु नियम पुस्तकांतून पाठ होतात. आस्था मात्र पाहूनच शिकावी लागते. गुरु रोग्याजवळ घटकाभर बसतो कीं उभ्याउभ्याच कागद पाहून पुढें जातो, हें विद्यार्थी निरखीत असतो. खरा धडा त्याला तेथेंच मिळतो.