न्या. मोहम्मद हिदायतुल्लाह : नागपूरच्या कोर्टातून देशाच्या सर्वोच्च पदांपर्यंत

सरन्यायाधीश, कार्यवाहक राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही तिन्ही पदं भूषवणारी एकच व्यक्ती आपल्या देशात होऊन गेली. ती म्हणजे न्या. मोहम्मद हिदायतुल्लाह. ते भारताचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश. त्यांच्यानंतर न्या. मिर्झा हमीदुल्ला बेग, न्या. अझीझ मुशब्बर अहमदी आणि न्या. अल्तमश कबीर हे या पदावर आले.

समाजाच्या कार्यक्रमांत हिदायतुल्लाह साहेबांचं नाव अभिमानानं घेतलं जातं. पण गोष्ट बहुतेक वेळा पदांच्या यादीवरच थांबते. त्यांनी निकाल काय दिले आणि त्या निकालांचा आजच्या सामान्य माणसाशी काय संबंध, हे फार कमी सांगितलं जातं. खरं तर त्यांची मोठी कमाई तीच आहे.

घराणं आणि शिक्षण

त्यांचा जन्म 17 डिसेंबर 1905 रोजी लखनौला झाला. आजोबा मुन्शी कुदरतुल्लाह बनारसमध्ये वकिली करत. वडील खानबहादूर हाफिज मोहम्मद विलायतुल्लाह सरकारी सेवेत अधिकारी होते आणि उर्दूतले नावाजलेले शायरही होते. कायदा, प्रशासन आणि अदब हे तिन्ही वारसे त्यांना घरातूनच मिळाले.

शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी हायस्कूलमध्ये झालं. 1922 मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात दाखल झाले. पुढे केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज आणि लंडनचं लिंकन्स इन इथे शिकून 1930 मध्ये, पंचविशीच्या आतच, ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी जुलैत नागपुरात त्यांनी वकिलीची सनद घेतली.

नागपूरची 26 वर्षं

विदर्भ तेव्हा 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतात होता आणि नागपूर त्याची राजधानी. हिदायतुल्लाह यांची जडणघडण याच शहरात झाली. वकिलीबरोबरच 1935 ते 1943 या काळात त्यांनी नागपूरच्या विधी महाविद्यालयात शिकवलं. 1942 मध्ये ते सरकारी वकील झाले आणि 1943 मध्ये प्रांताचे महाधिवक्ता. वय होतं अवघं 37. देशातल्या कुठल्याही प्रांताचे इतक्या कमी वयाचे महाधिवक्ता तोवर झाले नव्हते.

1946 मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. थोरले बंधू मोहम्मद इकरामुल्लाह आयसीएस अधिकारी होते. ते पाकिस्तानला गेले आणि तिथले पहिले परराष्ट्र सचिव झाले. हिदायतुल्लाह मात्र नागपुरातच राहिले. त्या काळात असंख्य मुस्लिम घरांत अशीच वाटणी झाली. एक भाऊ तिकडे, एक इकडे. 1948 मध्ये त्यांचा पुष्पा शहा यांच्याशी विवाह झाला. मुलगा अर्शद हिदायतुल्लाह यांनीही पुढे सुप्रीम कोर्टात ज्येष्ठ वकील म्हणून नाव कमावलं.

डिसेंबर 1954 मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूर राजधानी राहिली नाही. हिदायतुल्लाह जबलपूरला नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून गेले. 1 डिसेंबर 1958 रोजी ते सुप्रीम कोर्टात आले आणि पुढची 12 वर्षं तिथेच होते.

लोहियांची अटक आणि तीन वर्तुळं

प्रत्येक कुटुंबाला माहीत असावा असा त्यांचा एक निकाल 7 सप्टेंबर 1965 चा आहे. समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया यांना बिहारमधल्या आंदोलनाच्या वेळी 'भारत संरक्षण नियमां'खाली स्थानबद्ध केलं होतं. देशात आणीबाणी लागू होती आणि निकालाच्या सुमारास पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं होतं. अशा वेळी सरकारच्या विरोधात निकाल देणं सोपं नसतं.

नियमात स्थानबद्धतेचं कारण 'सार्वजनिक सुव्यवस्था' असं होतं. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात मात्र 'कायदा आणि सुव्यवस्था' असे शब्द होते. दोन्ही सारखंच की, असं कुणालाही वाटेल. हिदायतुल्लाह म्हणाले, नाही. त्यांनी एकात एक असलेली तीन वर्तुळं डोळ्यांसमोर उभी केली. सगळ्यांत मोठं वर्तुळ 'कायदा आणि सुव्यवस्था' यांचं. त्याच्या आत 'सार्वजनिक सुव्यवस्था'. आणि सगळ्यांत आत 'राज्याची सुरक्षितता'. दोन दारुडे रस्त्यावर भांडले तर कायदा मोडला जातो, पण सगळ्या गावाची घडी विस्कटत नाही. त्यासाठी नेहमीचा फौजदारी कायदा पुरेसा आहे. माणसाला खटल्याविना आत टाकायचं असेल, तर त्याच्या कृत्याचा परिणाम व्यापक समाजजीवनावर होतो हे दिसलं पाहिजे. लोहियांची सुटका झाली.

सरन्यायाधीश असताना अरुण घोष विरुद्ध पश्चिम बंगाल या प्रकरणात त्यांनी हीच कसोटी आणखी स्पष्ट केली. कृत्य किती वाईट एवढंच बघायचं नाही, तर त्यामुळे लोकांच्या रोजच्या जगण्याची लय बिघडते का, हे बघायचं.

आज महाराष्ट्रात 'एमपीडीए' कायद्याखाली एखाद्याला स्थानबद्ध केलं जातं, तेव्हा उच्च न्यायालयात वकील हाच फरक मांडतात आणि अनेक आदेश याच मुद्द्यावर रद्द होतात. म्हणून घरातल्या पोराला असं उचललं गेलं तर स्थानबद्धतेचा आदेश आणि त्याची लेखी कारणं मागून घ्यावीत, जपून ठेवावीत आणि लगेच वकिलाला दाखवावीत. कारणं सांगितली जाण्याचा आणि त्याविरुद्ध निवेदन करण्याचा हक्क संविधानाच्या कलम 22 नं दिलेला आहे.

आठ विरुद्ध एक

1966 मधलं नरेश मिरजकर प्रकरण मुंबईचं. 'ब्लिट्झ'चे संपादक आर. के. करंजिया यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. त्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश न्यायाधीशांनी दिला. पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले. नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी सांगितलं की न्यायालयाच्या आदेशानं मूलभूत हक्काचा भंग होतो असं म्हणता येणार नाही. हिदायतुल्लाह एकटे वेगळ्या बाजूला उभे राहिले. खुल्या कोर्टात झालेली साक्ष छापायला बंदी घालता येत नाही, आणि न्यायालयाचा आदेशसुद्धा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतो, असं त्यांचं मत होतं.

मूलभूत हक्क संसदेच्या बहुमतानं काढून घेता येतात का, हा प्रश्नही त्यांनी लवकर उचलला. 1964 च्या सज्जनसिंह प्रकरणात दोनच न्यायमूर्तींनी शंका व्यक्त केली. एक हिदायतुल्लाह आणि दुसरे न्या. जनार्दन मुधोळकर. दोघेही नागपूर उच्च न्यायालयातून आलेले. 1967 च्या गोलकनाथ प्रकरणात 6 विरुद्ध 5 मतांनी ठरलं की संसदेला हे हक्क कमी करता येणार नाहीत. त्या सहांमध्ये हिदायतुल्लाह होते. 1973 च्या केशवानंद भारती निकालानं गोलकनाथ बाजूला सारून संविधानाच्या 'मूलभूत चौकटी'चा सिद्धांत मांडला, पण त्या चर्चेची पायाभरणी आधीच झाली होती.

टीका झालेले निकाल

त्यांचे सगळेच निकाल स्वातंत्र्याच्या बाजूचे होते, असं मात्र नाही. मुंबईतल्या एका बुक स्टॉलवर 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकल्याबद्दल झालेली शिक्षा त्यांनी 1964 मध्ये कायम ठेवली. अश्लीलता ठरवण्यासाठी त्यांनी जुनी इंग्रजी कसोटी वापरली होती. सुप्रीम कोर्टानं ती 2014 मध्ये सोडून दिली. 1970 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या प्रकरणात सिनेमाची सेन्सॉरशिप घटनेला धरून असल्याचं त्यांनी मान्य केलं. मात्र कलाकृतीचा दर्जाही बघितला पाहिजे आणि सेन्सॉरला नीट नियम हवेत, हेही बजावलं.

35 दिवसांचे राष्ट्रपती

25 फेब्रुवारी 1968 रोजी ते सरन्यायाधीश झाले. मे 1969 मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला आणि 20 जुलैपासून 24 ऑगस्टपर्यंत हिदायतुल्लाह कार्यवाहक राष्ट्रपती होते. याच दिवसांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन भारतात आले आणि बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर हिदायतुल्लाह यांची सही झाली. पुढे त्याच कायद्याला आव्हान मिळालं, तेव्हा ते सुनावणीच्या पीठावर नव्हते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी, 15 डिसेंबर 1970 ला, संस्थानिकांच्या तनख्यांचा निकाल लागला. संस्थानिकांची मान्यता राष्ट्रपतींच्या एका आदेशानं काढून घेणं बेकायदा आहे, असा निर्णय 11 न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं दिला. हिदायतुल्लाह बहुमतात होते. सरकारला शेवटी 1971 मध्ये घटनादुरुस्ती करूनच तनखे बंद करावे लागले.

निवृत्तीनंतर

1979 मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले आणि 1984 पर्यंत राज्यसभेचं सभापतिपद सांभाळलं. ऑक्टोबर 1982 मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी परदेशी गेले, तेव्हा काही दिवस पुन्हा राष्ट्रपतिपदाचं काम त्यांच्याकडे आलं. निकाह, तलाक, वारसा, वक्फ अशा खटल्यांत वकील ज्या 'मुल्ला' यांच्या मुस्लिम कायद्यावरच्या पुस्तकाचा आधार घेतात, त्याच्या आवृत्तीचं संपादनही त्यांनी केलं होतं. 'माय ओन बॉसवेल' हे त्यांचं आत्मचरित्र.

18 सप्टेंबर 1992 रोजी मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. ज्या रायपुरात ते शाळेत गेले, तिथे 2003 मध्ये त्यांच्या नावानं राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झालं. बारावीनंतर 'क्लॅट' परीक्षा देऊन तिथे प्रवेश मिळतो. वकिलीकडे वळू पाहणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ते नाव यादीत जरूर ठेवावं.