पॅट योजना

भरपूर ऊर्जा वापरणाऱ्या बड्या कारखान्यांना बचतीचे लक्ष्य नेमून देणारी, आणि ते ओलांडणाऱ्याच्या हाती विकता येईल असे प्रमाणपत्र ठेवणारी केंद्र सरकारची योजना. ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ या लांबलचक नावाचे पॅट हे लघुरूप. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ खाली ती येते आणि २००२ मध्ये स्थापन झालेला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) ती राबवतो.

पहिली फेरी २०१२ ते २०१५ अशी चालली. ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली, खत, पोलाद, कागद, वस्त्रोद्योग आणि औष्णिक वीज या आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने तिच्यात होते. सिमेंट कारखाना वर्षाला ३०,००० टन तेलाइतकी ऊर्जा वापरत असेल तर तो यादीत. कापड गिरणीला मात्र ३,००० टनांचीच मर्यादा. चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातल्या सिमेंटच्या भट्ट्या या मर्यादेच्या कितीतरी वर जातात.

लक्ष्य एकूण वापराचे नसते, एक टन माल काढायला किती ऊर्जा लागली याचे असते. त्यामुळे उत्पादन वाढवायला कारखाना मोकळा राहतो. उद्योगांनी योजनेला फारसा विरोध केला नाही, त्याचे बरेचसे श्रेय या सवलतीला द्यावे लागेल; टीकाकारांचा मुख्य आक्षेपही हाच आहे.

बचत प्रत्यक्षात कुठून येते, हे सिमेंटच्या कारखान्यात चांगले दिसते. जुन्या पद्धतीत भट्टीचा अजस्र पंखा पूर्ण वेगाने फिरत राहायचा आणि हवा कमी हवी असली की वाटेतली झडप (डँपर) अर्धी मिटवली जायची. वीज खर्च होऊन गेलेलीच असे. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवला की पंख्याचा वेगच गरजेपुरता उतरतो. दुसरी बचत वाया जाणाऱ्या उष्णतेची. क्लिंकर, म्हणजे दळण्यापूर्वीचे सिमेंटचे खडे, भाजायला साधारण १४५० अंश सेल्सियस तापमान लागते. कच्चा माल आधी तापवणाऱ्या प्रीहीटरमधून बाहेर पडणारा वायूही तीनेकशे अंशांचा असतो. पूर्वी तो चिमणीतून जाई. आता अनेक ठिकाणी त्यावर बॉयलर आणि टर्बाइन चालते आणि कारखान्याच्या विजेचा काही भाग तिथेच निघतो. असे बदल एरवीही परवडणारेच होते. पण ते कधी करायचे याला पॅटने तारीख लावली आणि मान्यताप्राप्त ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासणी बंधनकारक केली. कोळसा ओला आला, मागणी घटून भट्टी कमी क्षमतेने चालली, तर आकडे कसे जुळवून घ्यायचे याचीही सूत्रे ठरली. कारखान्यांतल्या ऊर्जा व्यवस्थापकाच्या शब्दाला वजन आले ते या हिशेबामुळे.

पहिल्या फेरीचे लक्ष्य सुमारे ६६.९ लाख टन तेलतुल्य बचतीचे होते. प्रत्यक्षात बचत झाली ८६.७ लाख टन. बाजाराची गोची इथेच झाली. लक्ष्यापलीकडच्या एक टन बचतीमागे एक ऊर्जा-बचत प्रमाणपत्र (ईएसर्ट), या हिशेबाने सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लक्ष्य चुकलेल्यांना भरपाईसाठी हवी होती जेमतेम १४ लाख. फेरी संपून अडीच वर्षे लोटल्यावर, सप्टेंबर २०१७ मध्ये, वीज विनिमय केंद्रांवर सौदे सुरू झाले. भाव १,२०० रुपयांवरून घसरत २०० रुपयांच्या आसपास आला. सरकारने २०११-१२ साठी एक टन तेलतुल्य ऊर्जेची किंमत मात्र १०,१५४ रुपये धरली होती. यंत्रे बदलण्यापेक्षा कागद विकत घेणे इतके स्वस्त पडत असेल, तर मागे पडलेल्या कारखान्याला धाक उरत नाही. लक्ष्ये सैल होती, एवढाच याचा अर्थ निघतो.

दुसऱ्या फेरीत (२०१६-१९) रेल्वे, तेलशुद्धीकरण कारखाने आणि वीज वितरण कंपन्या आल्या. यादी ६२१ वर गेली. प्रमाणपत्रांना तळभावही ठरवून देण्यात आला.

मूळ आराखड्यातली आणखी एक उणीव सिमेंटमध्येच ठळक दिसते. या उद्योगाच्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून अधिक भाग इंधनातून येत नाही, तापलेल्या चुनखडीतून सुटतो. ऊर्जा मोजणाऱ्या पॅटला तो दिसतच नव्हता. अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि तिच्यात प्रमाणपत्राचे एकक एक टन कार्बन डायऑक्साइड तुल्य असे ठरले. ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद आणि क्लोर-अल्कली या क्षेत्रांची उत्सर्जन-लक्ष्ये २०२५ मध्ये जाहीर झाली. त्यांत चुनखडीतून सुटणारा वायूही धरला जातो.