शांत शेतांतील बहिरेपणा

खेडें म्हटलें कीं नगरवासी मनुष्याच्या मनांत प्रथम शांतता उभी राहते. पांखरांची किलबिल आणि बैलांच्या गळ्यांतील घुंगुरांचा नाद, यांपलीकडे शेतांत कसला आवाज असणार, अशी त्याची कल्पना असते. विसाव्या शतकाच्या इतिहासानें ही कल्पना खोटी ठरविली. पाश्चात्य देशांत ज्या व्यवसायांनीं माणसांना बहिरें केलें, त्यांत शेतीचीहि गणना करावी लागते. आणि हें लोकांच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

धंद्यामुळें बहिरेपणा येतो, हें ज्ञान मात्र जुनें आहे. इटलींतील बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्यानें कारागिरांच्या रोगांवर १७०० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तींत व्हेनिसच्या तांबटांचें वर्णन आहे. दिवसभर घण घालून त्यांचे कान निकामी होत व म्हातारपणीं ते ठार बहिरे होत, असें तो सांगतो. याच ग्रंथांत शेतकऱ्यांवरहि एक प्रकरण आहे. पण तेथें भर आहे तो वाईट हवेवर आणि निकृष्ट अन्नावर. त्या काळच्या शेतांत यंत्र नव्हतें. पुढें १८८६ मध्यें ग्लासगो येथील डॉ. टॉमस बार यांनीं बॉयलर बनविणाऱ्या कामगारांचे कान तपासले, टपाल वाटणाऱ्यांशीं त्यांची तुलना केली व बॉयलरवाल्यांची झालेली हानि दाखवून दिली.

तांबट काय किंवा बॉयलरवाला काय, एका जागीं अनेक जोडीदारांसह काम करी. म्हणून त्याचें दुखणें डॉक्टरांच्या नजरेस पडलें. शेतकरी पडला एकटा. शिवाय उघड्या रानांत आवाज विरून जातो, अशी समजूत. १९१७ पासून अमेरिकेंत फोर्डसन ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागले आणि हळूहळू पश्चिमेंतील नांगरटीवरून घोडा हटला. आवाज रानांत विरत असेलहि. पण चालकाचे कान यंत्रापासून कांहीं हातांवरच असत.

कानाच्या आंत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी आहे. तींतील सूक्ष्म रोमपेशी ध्वनीचीं स्पंदनें मज्जातंतूंकडे पोंचवितात. मोठ्या आवाजाच्या रोजच्या माऱ्यानें त्या मरतात, आणि मनुष्याच्या कानांत पुनः उगवत नाहींत. वेदना होत नाहीं. प्रथम उंच स्वर जातात. त्यामुळें 'स', 'श' यांसारखे वर्ण आणि लहान मुलांचें बोलणें अस्पष्ट होतें. घरच्यांस वाटतें, हे ऐकूनहि दुर्लक्ष करतात. त्याला वाटतें, घरचीं माणसें पुटपुटतात. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबल ही मर्यादा आज तज्ज्ञ मानतात. दर ३ डेसिबलला ध्वनीची शक्ति दुप्पट होते. त्या हिशेबानें १०० डेसिबलचा आवाज १५ मिनिटांतच तेवढा भार कानावर घालतो. केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरांचा आवाज शंभराच्या जवळपास जाई. पुष्कळ शेतकऱ्यांचा डावा कान उजव्यापेक्षां अधिक बिघडलेला आढळतो. उजव्या खांद्यावरून मागच्या अवजाराकडे पाहतांना डावा कान इंजिनासमोर येतो, असें त्याचें कारण सांगतात.

ब्रिटनच्या अनुभवांत एक विलक्षण गोष्ट घडली. ट्रॅक्टर उलटून चालक चिरडले जात. म्हणून १ सप्टेंबर १९७० पासून नव्या ट्रॅक्टरांवर मजबूत संरक्षक केबिन सक्तीची झाली. प्राण वाचूं लागले. परंतु लोखंडी पत्र्याच्या त्या केबिनी नगाऱ्यासारख्या घुमूं लागल्या आणि चालक त्या नगाऱ्याच्या आंत बसला! अखेर केबिनींतील आवाज ९० डेसिबलच्या आंत ठेवण्याचा नियम झाला आणि १९७६ पासून शांत केबिनी येऊं लागल्या. केबिनीखालीं रबर व आंतून ध्वनि शोषणारें अस्तर, एवढ्या योजनेनें पुष्कळ काम झालें.

अमेरिकेंत मात्र १९८३ चे श्रवणरक्षणाचे नियम कारखान्यांना लागू झाले, शेतीला नाहीं. स्वतःच्या जमिनीवर राबणारा मनुष्य स्वतःच धनी व स्वतःच मजूर. त्याच्या कानांची चौकशी कोणी करावयाची? गेलेली श्रवणशक्ति परत आणण्याचा उपाय अद्याप हातीं आलेला नाहीं. ती राखण्याचा आहे, आणि त्याची सुरुवात यंत्र घडवितांनाच करावी लागते.