भर्ता, भार्या आणि भार : एका प्रतिज्ञापत्राचा इतिहास

संस्कृतातील 'भृ' या धातूपासून आलेले दोन शब्द मराठीत जुन्या काळापासून रुळलेले आहेत. 'भर्ता' म्हणजे भरणपोषण करणारा आणि 'भार्या' म्हणजे जिचे भरणपोषण करावयाचे ती. 'भार' हा शब्दही याच धातूचा. पती-पत्नीच्या नात्याची ही व्याख्या आज आपल्याला जुनाट वाटते, आणि ती तशी आहेही. परंतु एका अगदी आधुनिक दस्तऐवजात ती अजून जिवंत आहे. अमेरिकेच्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला आपल्या जोडीदारासाठी कायम वास्तव्याचा व्हिसा हवा असेल, तर विवाह खरा असल्याचा पुरावा पुरेसा होत नाही. येणाऱ्या माणसाला पोसण्याइतके आपले उत्पन्न आहे, हेही प्रतिज्ञापूर्वक सांगावे लागते. त्या प्रतिज्ञापत्राचा क्रमांक आय-८६४.

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी असलेल्या अनेक मराठी घरांनी हा क्रमांक ऐकलेला असतो. त्याकडे सहसा एक कटकटीचा फॉर्म म्हणून पाहिले जाते. आम्ही येथे त्याच्याकडे एक संहिता म्हणून पाहू इच्छितो. कारण त्यातील प्रत्येक कलमामागे एक जुना प्रश्न आहे : संसार करावयास किती पैसा पुरेसा, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नाचे मूळ अमेरिकेत नाही, इंग्लंडमधील गावपांढरीत आहे. १६६२ च्या इंग्लिश वसाहत-कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी ज्या-त्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या अखत्यारीतील गावावर, पक्की केली. त्याबरोबरच परगावाहून आलेला मनुष्य उद्या गावावर भार होईल असे वाटल्यास त्याला चाळीस दिवसांच्या आत मूळ गावी परत धाडण्याची मुभाही दिली. मुख्य अपवाद : वर्षाला दहा पौंड किंवा त्याहून अधिक भाड्याचे घर घेणारा. स्थलांतरितासाठी पैशाचा उंबरठा आखण्याचे हे एक ठळक जुने उदाहरण होय. गंमत अशी की, विवाहाच्या बाबतीत हीच व्यवस्था उदार होती. स्त्रीला पतीच्या गावचा हक्क विवाहाबरोबरच मिळे आणि त्याच्या उत्पन्नाची अट तेथे नव्हती. त्यामुळे आपल्या गावातील निराधार गरोदर स्त्रीचे लग्न परगावच्या माणसाशी, प्रसंगी त्याला पैसे देऊन, लावून टाकण्याचे उद्योग पॅरिशचे अधिकारी करीत. विवाहाने भार एका गावावरून दुसऱ्या गावावर जाई, एवढाच त्यांचा हिशेब होता.

हा विचार आणि त्याची शब्दकळा वसाहतींबरोबर अटलांटिक ओलांडून गेली. ऑगस्ट १८८२ मध्ये अमेरिकेने संपूर्ण देशासाठी स्थलांतराचा कायदा केला, तेव्हा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असल्याने 'पब्लिक चार्ज' होईल अशा व्यक्तीस प्रवेश नाकारावा, असे त्यात लिहिले गेले. इंग्रजी 'चार्ज' या शब्दाचे मूळ गाडीवर ओझे लादणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. म्हणजे 'पब्लिक चार्ज' याचे मराठी भाषांतर 'लोकांवरील भार' असेच होईल. १८९१ मध्ये या कलमात 'होण्याचा संभव असलेली' अशी दुरुस्ती झाली. व्याकरणदृष्ट्या हा बदल लहान, पण परिणामाने फार मोठा. कारण आता माणसाची आजची स्थिती पाहावयाची नव्हती, त्याचे भविष्य वाचावयाचे होते. आणि ते वाचणारा होता बंदरावरचा अधिकारी. १८९२ मध्ये सुरू झालेल्या एलिस बेटावर याचा जाच एकट्या स्त्रियांना विशेष झाला. नवरा किंवा नातलग न्यावयास येईपर्यंत, अथवा त्याची तार येईपर्यंत, त्यांना थांबवून ठेवीत. पुरुषाचा भार होण्याचा संभव सिद्ध करावा लागे, स्त्रीचा तो गृहीतच धरला जाई.

मात्र १८८२ या वर्षाचा आणखी एक वारसा आहे, आणि तो विसरल्यास हा इतिहास अर्धाच राहतो. त्याच वर्षी मे महिन्यात चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. व्यापाऱ्यांना त्यातून सूट होती. मग प्रश्न आला बायकांचा. १८८४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने ठरविले की मजुराची पत्नी ही पतीचाच दर्जा घेते, म्हणून तिला प्रवेश नाही. १९०० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्याच्या पत्नीला मात्र प्रवेश दिला. मे १९२५ मध्ये एकाच दिवशी दोन निकाल लागले. त्यांनुसार चिनी व्यापाऱ्याची पत्नी येऊ शकत होती, पण अमेरिकेतच जन्मलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक असलेल्या पुरुषाची चिनी पत्नी येऊ शकत नव्हती. वंशाच्या भिंतीत व्यापारापुरती एक खिडकी होती, नागरिकत्वापुरती नव्हती.

हिंदी लोकांच्या बाबतीत तर पैशाच्या प्रश्नापर्यंत गाडी फारशी गेलीच नाही. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थान निषिद्ध पट्ट्यात गेला आणि १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्याने हिंदी माणसाला नागरिकत्वाची दारे बंद झाली. कॅलिफोर्नियात शेती करणारे कित्येक पंजाबी पुरुष देशातून पत्नी आणू शकले नाहीत; त्यांतील अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. १९४६ मध्ये हिंदुस्थानला वर्षाकाठी शंभरांचा कोटा मिळाला, आणि १९६५ च्या कायद्याने देशवार व वंशवार कोट्यांची पद्धत मोडली. वंशाचा प्रश्न मागे पडला, तसा पैशाचा प्रश्न पुढे सरकला.

तोवर हा पैशाचा प्रश्न कसा लवचीक होता, हे १९३० ने दाखवून दिले होते. मंदी सुरू झाल्यावर राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या सरकारने नवा कायदा केला नाही. 'भार होण्याचा संभव' या जुन्याच शब्दांचा अर्थ कडक लावण्यास परदेशांतील वकिलातींना सांगितले. १९३० मध्ये अमेरिकेत सुमारे २,४१,७०० स्थलांतरित आले होते. १९३३ मध्ये ती संख्या सुमारे २३,००० वर आली. मंदीमुळे येणारेच घटले होते हे खरे. तरीही संहितेत अक्षराचाही बदल न करता अन्वयार्थाने काय साधता येते, याचे एवढे बोलके उदाहरण साहित्याच्या अभ्यासकालाही क्वचितच मिळेल. जर्मनीतून निसटू पाहणाऱ्या ज्यूंना अमेरिकेतील नातलगांकडून जामिनाची प्रतिज्ञापत्रे मिळवावी लागली ती याच काळात.

या प्रतिज्ञापत्रांचे एक वैशिष्ट्य असे, की ती नैतिक होती. 'मी याला पोसेन' असे लिहून देणाऱ्याने पुढे पोसले नाही, तर १९५० च्या दशकातील न्यायालयांच्या मते त्याच्यावर कायदेशीर जबाबदारी येत नव्हती. शब्द दिला एवढेच. १९९६ मध्ये हे बदलले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात कल्याणकारी मदतीची आणि स्थलांतराची फेररचना करणारे दोन कायदे ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये झाले. डिसेंबर १९९७ पासून नवे प्रतिज्ञापत्र अमलात आले, ते बंधनकारक करार म्हणून. आणि प्रथमच एक आकडा आला : संघीय दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न. सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्यास पत्नी-मुलांसाठी १०० टक्के पुरे.

ही दारिद्र्यरेषा कोठून आली? सामाजिक सुरक्षा प्रशासनातील मॉली ओर्शान्स्की या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६३ ते १९६५ या काळात ती मांडली. पद्धत साधी होती. कृषी खात्याने सर्वांत काटकसरीच्या आहाराचा खर्च काढला होता. १९५५ च्या पाहणीनुसार कुटुंबे उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करीत. म्हणून त्या आहारखर्चाची तिप्पट, ही रेषा. ओर्शान्स्की स्वतः युक्रेनमधून आलेल्या गरीब ज्यू स्थलांतरितांच्या कन्या, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेल्या. आपली रेषा 'किती पुरेसे' हे सांगत नाही, 'किती अगदीच अपुरे' एवढेच सांगते, ही त्यांची भूमिका होती. समाजाने कोणाकडे दुर्लक्ष केले आहे हे दाखविण्यासाठी काढलेली ती रेघ तीस वर्षांनी, महागाईनुसार वाढत वाढत, गरिबाने आपल्या जोडीदारासह राहावे की नाही हे ठरविणारा उंबरठा बनली. लेखकाच्या हातून सुटलेल्या संहितेचे पुढे काय होते, हे आपण वर्गात शिकवतोच.

उंबरठ्याची उंची मोजून पाहू. २०२५ च्या कोष्टकानुसार दोन माणसांच्या कुटुंबाची रेषा २१,१५० डॉलर. तिचे १२५ टक्के म्हणजे सुमारे २६,४३७ डॉलर. संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर होते, आणि त्या दराने आठवड्याला चाळीस तास वर्षभर राबल्यास १५,०८० डॉलर होतात. अनेक राज्यांत किमान वेतन याहून जास्त आहे हे खरे. पण जेथे नाही, तेथे एकच कायदेमंडळ मजुराला म्हणते, 'एवढा पगार तुला कायदेशीर आहे', आणि त्यालाच पुढे म्हणते, 'एवढ्या पगारात नवरा होता येणार नाही'. अलास्का आणि हवाई सोडल्यास हा आकडा न्यूयॉर्क शहराला आणि मिसिसिपीतील खेड्याला सारखाच. उत्पन्न कमी पडल्यास बचत वा मालमत्ता दाखविता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट हवी. नाहीतर दुसरा जामीनदार शोधावा लागतो. पुण्यातील बँकेत चांगल्या पगारावर असलेल्या बाईंचे उत्पन्न मात्र येथे शून्य धरले जाते. स्थलांतरानंतरही त्याच ठिकाणाहून चालू राहणारेच उत्पन्न जमेस धरतात, आणि नोकरी तर सोडूनच जावयाची असते. मिळवती स्त्री विमानात बसण्यापूर्वीच कागदावर 'भार्या' होते. हा नियम लिंगनिरपेक्ष असल्याने पत्नीमागून जाणारा नवराही 'भार्या'च ठरतो, एवढाच काय तो आधुनिकपणा.

येथे या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. पूर्वीची प्रतिज्ञा पोकळ होती. आजची नाही. हा करार घटस्फोटाने संपत नाही. आलेली व्यक्ती नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा झाल्या, तिने देशातील वास्तव्य कायमचे सोडले, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तरच जामीनदार त्यातून सुटतो. टाकलेली पत्नी या कराराच्या आधारे न्यायालयात जाऊ शकते. २०१२ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने तर असे ठरविले, की तिने नोकरी शोधली नाही या सबबीवर पतीला जबाबदारी टाळता येत नाही. सरकारने तिजोरी राखण्यासाठी लिहिलेले कलम अशा रीतीने परक्या देशात एकट्या पडलेल्या स्त्रीच्या हाती आले. तिची सही त्या करारावर नसते, तरी हक्क तिचा असतो. मात्र एच-१बी धारकाबरोबर एच-४ व्हिसावर जाणाऱ्या पत्नीसाठी हे प्रतिज्ञापत्र लागतच नाही. तिची वाट सोपी असते, आणि टाकून दिल्यास या कागदाचा आधारही तिला नसतो. महाराष्ट्रातून तशा वाटेने गेलेल्या मुली थोड्या नाहीत.

म्हणून या संहितेचा निव्वळ निषेध करून आम्हाला थांबता येत नाही. जिला ती पतीजवळ जाऊ देते, तिला ती आधारही देते. जिला अडविते, तिचा दोष एवढाच की तिचा माणूस गरीब आहे. आपल्या परंपरेने पत्नीला 'भार्या'बरोबर 'सहधर्मचारिणी' असेही म्हटले आहे. सोबत चालणाऱ्याचे ओझे मोजावयाचे नसते, हा त्या शब्दाचा भाव. दहा पौंडांच्या घरभाड्यापासून १२५ टक्क्यांपर्यंतच्या साडेतीन शतकांत कायद्याने या दुसऱ्या शब्दासाठी एकही रकाना ठेवलेला नाही.