चालिहो : व्रत आणि आदेश

उत्तर नागपुरातील जरीपटका ही १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती. (नावात मराठ्यांचे निशाण आणि देव्हाऱ्यात झुलेलाल, हा योग गमतीचाच.) शेजारी इंदोऱ्याचा आंबेडकरी बौद्ध समाज. सिंधी समाजात दरवर्षी १६ जुलैपासून चाळीस दिवस ‘चालिहो’चे व्रत असते. एरवी पल्ला माशाचे कौतुक करणारी ही मंडळी त्या काळात मांस-मद्य वर्ज्य करतात. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजते याच्याशी व्रताला कर्तव्य नसते.

व्रतामागची कथा लक्षणीय आहे. ठठ्ठ्याच्या मिर्ख शाहाने हिंदूंना धर्मांतराचे फर्मान काढले. प्रजेने सिंधूकाठी चाळीस दिवस आराधना केली आणि नसरपूर येथे झुलेलाल अवतरले. आख्यायिका हा इतिहास नव्हे; पण एखादा समाज कोणती आख्यायिका जपतो, हे इतिहासाने टिपावेच. सक्तीविरुद्धच्या प्रार्थनेतून जन्मलेले हे व्रत आहे. सिंधमधील उडेरोलाल येथे याच पुरुषाला हिंदू झुलेलाल म्हणून, तर मुसलमान शेख ताहिर म्हणून भजतात. मंदिर आणि दर्गा एकाच आवारात आहेत.

१५ ऑगस्ट २०२५ हा दिवस चालिहोतच आला. त्या दिवशी नागपूरसह काही महापालिकांनी कत्तलखाने व मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले. निमित्त स्वातंत्र्यदिनाचे, काही ठिकाणी गोकुळाष्टमीचेही. चालिहोशी त्यांचा संबंध नव्हता. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही अशा बंदीला जाहीर विरोध केला होता.

अशा बंदीला न्यायालयीन आधार नाही असे नव्हे. अहमदाबादेत पर्युषणाचे नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवले. मुदत अल्प आहे, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा. उलट सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील एका दिवसाच्या मांसविक्रीबंदीस स्थगिती दिली. दिवसांचे हे गणित मला अपुरे वाटते. खाटकाचा त्या दिवशीचा गल्ला बुडतो, हे तर आहेच. पण दुकान बंद म्हणून ज्याने मांस खाल्ले नाही, त्याने कोणते व्रत केले? आणि दुकान उघडे असूनही जो तिकडे वळला नाही, त्याच्या व्रताला महापालिकेच्या कागदाने कोणती भर घातली?

मिर्ख शाहाचे फर्मान आणि पालिकेचे परिपत्रक यांना एका तागडीत तोलणे अर्थातच अतिशयोक्त होईल. तिथे प्रश्न धर्माचा होता, इथे एका दिवसाच्या जेवणाचा. एक साम्य मात्र उरते. जे व्रतस्थ नाहीत, त्यांना दोन्हीकडे कोणी विचारले नव्हते.