खोट्या खाचेची कुळकथा

आजचे बऱ्यापैकी चांगले सिलिंडर-कुलूप खोलून पाहिले, तर त्यातल्या काही पिना कमरेत बारीक केलेल्या आढळतात. काहींचे टोक अळंबीच्या आकाराचे असते, काहींच्या अंगावर बारीक खाचा कोरलेल्या असतात. किल्लीने कुलूप उघडणाऱ्याला या घडणीचा काडीचाही उपयोग नाही; साधी गुळगुळीत पिन त्याचे काम तितकेच चोख करते. हा सगळा खटाटोप एकाच माणसासाठी आहे. तो माणूस म्हणजे किल्लीविना, हातात दोन तारा घेऊन, बोटांना जे कळेल त्याच्या भरवशावर कुलूप उघडू पाहणारा. तो काय चाचपतो, कुठे थबकतो, कोणत्या खुणेवर विसंबतो, हे बारकाईने ठाऊक असल्याखेरीज अशी पिन कोणालाही सुचणार नाही. कुलपांच्या गेल्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात कुलूप घडवणाऱ्यांइतकाच वाटा ते उघडून दाखवणाऱ्यांचा आहे, आणि हे उघडणे जेव्हा चारचौघांत झाले तेव्हाच कुलपे झपाट्याने सुधारली, असे माझे म्हणणे आहे. छंद म्हणून कुलपे उघडणाऱ्यांकडे संशयाने पाहणाऱ्यांनी हा इतिहास एकदा तपासून पाहावा.

मुळात किल्लीविना कुलूप उघडते कसे? पिन-कुलपात एक फिरता गाभा असतो आणि त्याभोवती स्थिर कवच. दोन्हींतून आरपार गेलेल्या भोकांत पिनांच्या जोड्या बसवलेल्या असतात आणि वरून स्प्रिंग त्यांना खाली दाबत असते. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा गाभा आणि कवच यांच्या सीमारेषेवर येतो व गाभा फिरतो. पण भोके कितीही काळजीने पाडली तरी ती अगदी एका ओळीत कधीच येत नाहीत. गाभ्याला हलका पीळ दिला की त्यामुळे सगळ्या पिना एकदम अडत नाहीत. आधी एक अडते. ती उचलून सीमारेषेवर आणली की गाभा केसभर सरकतो आणि दुसरी अडते. घडणीत राहून गेलेला हा किरकोळ फरकच उघडणाऱ्याचा वाटाड्या. कमरेत बारीक केलेली पिन नेमका या वाटाड्यालाच फितवते. तिची कंबर सीमारेषेवर अडकते, गाभा चांगला जाणवण्याइतका फिरतो, सगळे जमले असे हाताला वाटते, आणि कुलूप मात्र बंदच राहते. यातून सुटायचे तर पीळ सैल करून गाभा थोडा मागे जाऊ द्यावा लागतो, आणि तसे करताना आधी बसवलेल्या पिना खाली पडण्याची भीती असते. खाचा कोरलेली पिन अशी फसवणूक एकदा नव्हे, अनेकदा करते.

ही युक्ती आजच्या पिन-कुलपाच्या जन्माआधीची आहे. रॉबर्ट बॅरनने 1778 साली इंग्लंडमध्ये दुहेरी अडसरांचे लिव्हर-कुलूप काढले: लिव्हर कमी उचलला तरी चालणार नाही, जास्त उचलला तरी नाही. पुढे 1784 मध्ये जोसेफ ब्रामाने नळीसारख्या किल्लीचे, सरकत्या पट्ट्यांचे वेगळेच कुलूप पेटंट केले. त्यासाठी लागणारी अचूक यंत्रे हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिराने घडवली. यंत्रे बनवणारी यंत्रे हा विषय पुढे त्याच्याच नावाशी जोडला गेला. आपल्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ब्रामाच्या पेढीने एक कुलूप टांगले आणि ते किल्लीविना उघडणाऱ्याला 200 गिनी देण्याचे जाहीर केले. आव्हान उघडपणे दिलेले असले तरी पेढी गाफील नव्हती. पट्ट्या एकेक करून अंदाजाने चाचपत नेण्याची पद्धत थोपवण्यासाठी 1817 मध्ये पेढीतल्याच रसेल नावाच्या माणसाने पट्ट्यांवर खऱ्या खाचेशेजारी उथळ खोट्या खाचा पाडल्या. आजच्या फसव्या पिनेचा हा थेट पूर्वज. त्याच वर्षी पोर्ट्स्मथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली, सरकारने न उघडणाऱ्या कुलपासाठी स्पर्धा लावली, आणि 1818 मध्ये जेरमाया चबने आपले कुलूप सादर केले. त्यात एखादा लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला गेला की यंत्रणा जाम होत असे, आणि मालकाला पुढच्या वेळी किल्ली लावताना कोणीतरी हात घातल्याचे कळे. तुरुंगजहाजावरच्या एका कैद्याला, जो स्वतः कुलपांचा जाणकार होता, ते उघडल्यास माफी आणि बक्षीस देऊ केले होते. तो महिनोन्महिने झटला आणि शेवटी हरला.

मग 1851 चे लंडनचे महाप्रदर्शन आले. अमेरिकेतल्या डे अँड न्यूएल पेढीचे कुलूप घेऊन आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज तिथे आला होता. त्याने वेस्टमिन्स्टरमध्ये, साक्षीदारांसमोर, एका लोखंडी दारावरचे चबचे कुलूप 25 मिनिटांत उघडले आणि 7 मिनिटांत पुन्हा लावले. कुलपाला ओरखडाही नाही. त्यानंतर तो ब्रामाच्या खिडकीतल्या कुलपाकडे वळला. तीन पंच नेमले गेले आणि 30 दिवसांची मुदत ठरली. एकंदर 16 दिवसांत मिळून 51 तास काम करून त्याने ते उघडले. इंग्लंडने कित्येक वर्षे ज्या कुलपांच्या भरवशावर निर्धास्त झोप घेतली होती, ती दोन्ही एका उन्हाळ्यात उघडली गेली. वृत्तपत्रांत गदारोळ उडाला. दोन्ही पेढ्यांना कुलपे सुधारावी लागली. हॉब्जच्या स्वतःच्या मालाचेही फार काळ भले झाले नाही. ज्या अमेरिकन कुलपाचा तो डंका पिटत होता, तेच काही वर्षांत लायनस येल धाकटा याने उघडून दाखवले. याच येलने 1861 आणि 1865 च्या पेटंटांतून आजचे चपट्या किल्लीचे पिन-कुलूप घडवले. पिनांची मूळ कल्पना प्राचीन काळी इजिप्तमध्ये वापरल्या जाणाऱ्या लाकडी कुलपांची. येलने ती लहान आणि कारखान्यात निघण्याजोगी केली. इतरांची कुलपे उघडून ज्याची बोटे तयार झाली होती, त्याच्याच हातून हे घडले, हा मी योगायोग मानत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हॉब्ज हा विक्रेता होता, सत्यशोधक नव्हे. खरे आहे. लंडनमध्ये त्याने लगेच स्वतःचा कुलपांचा कारखानाही काढला. पण हेतू काहीही असो, जे साक्षीदारांपुढे झाले ते पुन्हा करून पाहता येत होते. प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीला तपासणीची ही सोय नसते. दुसरा आक्षेप ब्रामाच्या पेढीनेच घेतला: 51 तास आणि कुलपाभोवतीच्या लाकडाला पक्की बसवलेली उपकरणे कोणत्या चोराला मिळणार? हा आक्षेप मला हॉब्जच्या विजयापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ‘उघडते की नाही’ हा प्रश्न बाजूला सारून ‘किती वेळात’ हा प्रश्न त्याने पुढे आणला. न उघडणारे कुलूप नसतेच. असतो तो विलंब. अमेरिकेतल्या यूएल 437 या मानकात हाच विचार दिसतो: जाणकार माणसाने साध्या हत्यारांनी प्रयत्न केला, तर कुलूप किती मिनिटे टिकते, हे तिथे तपासले जाते. फसवी पिनही विलंबच विकत घेते, आणि तो स्वस्तात विकत घेते.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: अशाने चोरांना शिकवणी मिळते. हॉब्जच्या माहितीवरून चार्ल्स टॉमलिन्सन यांनी 1853 मध्ये कुलपांवर जे पुस्तक सिद्ध केले, त्यात याचा प्रतिवाद आहे. चोर आपल्या धंद्यात मुरलेले असतात, अज्ञानात राहतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक, असा त्याचा रोख. आपल्याकडच्या घरफोडीच्या बातम्या वाचल्या तरी चोराची घाई दिसते: ‘कडीकोयंडा तोडून’, ‘बनावट चावीने’, ‘खिडकीचे गज कापून’. घामाघूम होत एकेक पिन बसवत बसणे त्याच्या धंद्याला परवडत नाही. तरीही आक्षेप अगदीच पोकळ नाही, हे मान्य करायला हवे. नळीच्या किल्लीची सायकल-कुलपे बॉलपेनच्या नळकांड्याने उघडतात, हे ब्रिटनमधल्या एका सायकल-मासिकाने 1992 मध्येच छापले होते. पण 2004 मध्ये ते चित्रफितीसह इंटरनेटवर आले, तेव्हा हजारो सायकली एका दिवसात उघड्यावर पडल्यासारखे झाले. मालकांचे नुकसान खरे होते. मात्र ती बनवणाऱ्या कंपनीने कुलपे बदलून द्यायला सुरुवात केली ती 2004 मध्ये. मधली बारा वर्षे ज्यांना ठाऊक होते त्यांचीच ती सोय झाली. मॅट ब्लेझ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने 2003 मध्ये, एका खोलीच्या किल्लीवरून साऱ्या इमारतीची मुख्य किल्ली कशी शोधता येते हे प्रसिद्ध केले, तेव्हा कुलूपवाले चिडले. त्यांची तक्रार अशी की हे आम्हाला पूर्वीपासून ठाऊकच होते! जे धंद्यातल्यांना ठाऊक आणि इमारतीच्या मालकाला नाही, त्याला गुपित कोणाच्या हिताचे म्हणायचे?

कुलपे उघडून त्यांतले दोष दाखवण्याचे काम आज बरेचसे हौशी माणसे करतात. जर्मनीत 1997 मध्ये अशांची संघटना उभी राहिली, पाठोपाठ नेदरलँड्समध्ये. त्यांचा नियम साधा: कुलूप आपले किंवा मालकाच्या परवानगीचे असावे, आणि ज्याच्यावर कोणाचे घर विसंबून आहे त्याला हात लावू नये. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून घराघरांत लिव्हरची कुलपे रुजली. ती बॅरन आणि चब यांच्या घराण्यातली. फ्लॅटच्या दारांत सिलिंडर आले ते बरेच नंतर. दुकानात कुलपाच्या खोक्यावर लिव्हर किती आणि हमी किती वर्षांची, हे ठळक छापलेले असते. आत फसव्या पिना आहेत का, आणि ते उघडायला जाणकाराला किती मिनिटे लागली, हेही गिऱ्हाइकाने विचारावे आणि कारखानदारांनी छापावे. आणि घाईतला चोर तोडतो तो कोयंडा दाराला कसा बसवला आहे, तेही कुलूप विकत घेण्याआधीच पाहून ठेवावे.