अनुज्ञा कोणाची?

उपसंपदेसाठी आलेल्या उमेदवाराला काही प्रश्न विचारावेत, असा विनयपिटकातील महावग्गाचा दंडक आहे. कुष्ठ, क्षय, अपस्मार यांसारखा रोग नाही ना? तू कोणाचा दास नाहीस ना? ऋणमुक्त आहेस काय? राजसेवेत तर नाहीस? मातापित्यांची अनुज्ञा मिळाली काय? वीस वर्षे पूर्ण झाली काय? धनी, सावकार, राजा आणि आईबाप यांचा माणसावर असलेला हक्क संघाने अशा रीतीने मान्य केला. पत्नीविषयीचा प्रश्न मात्र या यादीत नाही.

हा नियम कसा आला, याची कथाही महावग्गातच आहे. बुद्ध कपिलवस्तूस आले असता राहुलमातेने मुलाला वडिलांकडे वारसा मागावयास धाडले, आणि बुद्धांच्या सांगण्यावरून सारिपुत्ताने त्या बालकालाच प्रव्रज्या दिली. शुद्धोदनाने येऊन आपली व्यथा सांगितली. मुलगा गेला, नंद गेला, आता नातूही गेला; पुत्रप्रेम कातडी, मांस, स्नायू, हाडे भेदून थेट मज्जेपर्यंत जाते. त्याने इतकेच मागितले, की आईबापांनी अनुज्ञा दिली नसेल अशा पुत्राला यापुढे प्रव्रज्या देऊ नये. ते मान्य झाले. नियमात ‘माता’ हा शब्द असल्यामुळे राहुलमातेसारख्या स्त्रीचा अधिकारही त्यात आला. पण तो आई म्हणून. पत्नी म्हणून तिच्या वाट्याला काही आले नाही. मूळ ग्रंथाने या प्रसंगी तिचे नावसुद्धा दिलेले नाही.

समाजाला हे जाणवत नव्हते असे नाही. श्रमण गौतम लोकांना निपुत्रिक करतो, स्त्रियांना विधवा करतो, कुळे मोडतो, अशी मगधातील लोकांची ओरड त्याच महावग्गाने नोंदविली आहे. तीन आरोपांपैकी पहिल्याला पुढे नियमाचे उत्तर मिळाले. दुसऱ्याला मिळाले नाही. मज्झिमनिकायातील रट्ठपाल आईबापांच्या होकारासाठी अन्नपाणी सोडून उघड्या जमिनीवर पडून राहतो आणि शेवटी तो मिळवितोच. काही काळाने भिक्षू होऊन तो घरी येतो, तेव्हा अलंकार लेवून समोर आलेल्या आपल्या पूर्वीच्या स्त्रियांना तो ‘भगिनी’ म्हणून संबोधतो. त्या एका शब्दाने त्या मूर्च्छित होऊन पडतात. अनुज्ञा मागण्याच्या प्रसंगात त्यांना कोणी विचारल्याचा उल्लेख नाही. स्त्री भिक्षुणी होऊ लागली, की मात्र आईबापांबरोबर पतीचीही अनुज्ञा आवश्यक ठरते. त्या काळच्या गृहव्यवस्थेत कोण कोणाच्या सत्तेखाली होते, हे या विषमतेतून जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या उपदेशपर सूत्रातून दिसत नाही.

गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (1876–1947) 1899 साली घर सोडून विद्येच्या शोधात निघाले, तेव्हा पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक मागे राहिल्या. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते सिंहलात पोहोचले व तेथे 1902 साली श्रामणेर झाले. पुढे मद्रास, ब्रह्मदेश असे फिरून 1906 साली कलकत्त्यास अध्यापनाला लागले आणि पुन्हा गृहस्थ म्हणून कुटुंबासह राहू लागले. दामोदर या मुलाचा जन्म 1907 चा. हा सारा वृत्तान्त त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आहे. 1940–41 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी मध्यरात्री निजलेल्या पत्नीला व मुलाला टाकून जाणाऱ्या सिद्धार्थाची लोकप्रिय कथा नाकारली. आधार घेतला तो अरियपरियेसन सुत्ताचा. आईबापांची इच्छा नसताना, ते अश्रू ढाळीत असताना, त्यांच्या देखतच आपण केस उतरवून घराबाहेर पडलो, असे बुद्ध तेथे स्वतः सांगतात. चोरून जाणे नाही, तशीच संमतीही नाही. कोसंबींचा हा निर्णय संशोधकाचा आहे. जुना, साधा पाठ त्यांनी उत्तरकालीन काव्यमय वर्णनापेक्षा अधिक प्रमाण मानला. परंतु पत्नीचा निर्देश त्या वाक्यातही नाही, आणि पुराव्याबाहेर न जाणाऱ्या कोसंबींनी तो आणलाही नाही.

ते काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. शाक्य आणि कोलिय यांच्यातील कलह हे गृहत्यागाचे कारण, हा कोसंबींनी मांडलेला विचार त्यांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्ताराने येतो. मात्र तेथे सिद्धार्थ निरोप घेण्यासाठी यशोधरेच्या दालनात जातो. काय बोलावे हे त्याला सुचत नाही, आणि तीच धीराने बोलते. तिची संमती आहे. राहुलचा सांभाळ करावयाचा नसता, तर तीही त्याच्याबरोबर परिव्रज्या घेती. या संवादाला पालि ग्रंथांत आधार शोधणारा अभ्यासक निराश होईल. परंतु महावग्गाच्या प्रश्नावलीत जी जागा रिकामी होती, ती या ग्रंथात भरलेली त्याला दिसेल.